भरल्या टाकीचा चढ

माझं अक्षर वाईट आहे, ते आधीच सांगून टाकते. चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर पेन हातात आला तो फक्त सही करण्यापुरता. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला आजही कळत नाही, आणि ओळ सरळ धरली तरी शेवटाला खाली घसरते. चुकून कुणाच्या हाती हे पडलंच तर तेवढं पदरात घ्यावं. कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. चार माणसं समोर आली की माझा घसा कोरडा पडतो, बोलणं जमत नाही. म्हणून दुपारी भांडी आवरली की थोडं थोडं कागदावर काढते.

आमचं गाव औशाकडचं. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. त्याच्या आधी कचेरीचं काही काम निघालं की उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता लातूरलाच भाड्याच्या घरांमध्ये कचेऱ्या बसल्या होत्या, दारांवर नव्या रंगवलेल्या पाट्या होत्या, आणि कुठला साहेब कुठल्या माडीवर बसतो ते शिपायालाही नीट सांगता येत नव्हतं. आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, खुशीत होते. म्हणायचे, जिल्हा दारात आला, आता गाडीला काम कमी पडणार नाही.

गाडी म्हणजे डिझेलची जुनी पिकअप. आधी मालक दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. पै-पै जमवून त्यांनी ही घेतली होती, अडतीवर धान्याची पोती नेण्यासाठी. पण गाडी दारात आली आणि लागोपाठ पावसानं दगा दिला. ज्वारी उगवून करपली. पोतीच नाहीत तर नेणार काय? गाडी लिंबाच्या झाडाखाली उभी राहिली आणि कोंबड्या तिच्या खाली बसायला लागल्या.

मग नव्या कचेरीतून पाणी पोचवायची कामं निघाली. मालकांनी खटपट करून एक काम मिळवलं. लोहाराकडून लोखंडी टाकी करून गाडीवर बसवली. तेरणा नदीच्या पात्रालगतच्या विहिरीत पाणी टिकून होतं, तिथं टाकी भरायची आणि वर माळावरच्या गावांना नेऊन ओतायची, असं ते काम. विहीर खाली आणि गावं वर. मध्ये एक लांब चढ होता, वळणं घेत जाणारा, खडी उखडलेला. रिकामी गाडी त्यावर पळायची. टाकी भरली की मध्यावर दम टाकायची, मागं सरकायची. मालकांनी मग अर्धी टाकी भरून न्यायला सुरुवात केली.

अर्ध्या टाकीनं कुणाचंच भागेना. गावातल्या बायका टाकीच्या पोटावर हातानं वाजवून बघायच्या, आणि आवाज वरपासून पोकळ आला की मालकांना ऐकवायच्या. एकदा एक म्हातारी म्हणाली म्हणे, "बाबा, पाणी आणून राहिलास की टाकी फिरवून आणून राहिलास?" हे मालकांनी हसत सांगितलं, पण त्या दिवशी ते जेवले नीट नाहीत. कचेरीतले साहेब हसले नाहीत. अर्धी खेप ही अर्धीच धरली जाईल, आणि महिनाभरात भरली टाकी वर चढली नाही तर काम दुसऱ्या गाडीला देऊ, असं त्यांनी सांगून टाकलं.

काम गेलं तर गाडी विकावी लागणार होती. मोठी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. उरला एकच मार्ग, आहे त्या गाडीचा जोर वाढवायचा.

मालक रोज रात्री जेवताना मला सगळं सांगायचे. मी काही उलट बोलत नसे, म्हणून त्यांना मला सांगायला आवडत असावं. गाडीचं एक अक्षर मला कळत नव्हतं, पण ऐकून ऐकून क्लचप्लेट म्हणजे काय आणि गाडीचं वजन पेलणारे कमानपाटे कुठं असतात हे कळायला लागलं.

लातूरचे मिस्त्री त्यांच्या जुन्या ओळखीचे होते, वयस्कर, सगळं आयुष्य इंजिनं उघडण्यात गेलेलं. त्यांनी गाडी चालवून बघितली आणि इंजिन दणकट आहे असं सांगितलं. मग जे सांगितलं ते मालकांनी मला त्यांच्याच तोंडानं ऐकवलं. "पंपाचा इस्क्रू फिरवला की डिझेल जास्त जातंय आन् ताकद वाढतीया. त्याला अर्धी दुपार बी लागत न्हाई. पण ती ताकद जाती कुठं ते बघा मालक. क्लचवर जाती, पाट्यांवर जाती, आन् उरलेली सगळी उष्णता होऊन रेडिएटरमधी जाती. आधी ती घरं मजबूत करा. पंप शेवटी."

रेडिएटर मोठा, क्लच नवा, पाट्यांना एकेक जादा पान, हवेची गाळणी साफ, आणि सगळं झाल्यावर पंप थोडासा. मिस्त्रींनी खर्च सांगितला तेव्हा मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. घरात तेवढे पैसे नव्हते. सावकाराकडं जायचं नाही, ही सासूबाईंची गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून घेतलेली शपथ होती.

पैसे होते माझ्या बहिणीकडं.

माझी अक्का हिमायतनगरला असते. तिचे मालक लवकर गेले. पदरात एक पोरगी. अक्का कपडे शिवायची. मशीनवर वाकून वाकून तिची मान कायमची एका अंगाला झुकली होती. तिचा दीर त्याच गावात धान्याचा व्यापारी, पुढच्या गल्लीत मोठं घर. पण अक्कानं त्याच्याकडून एक पैसाही कधी घेतला नव्हता. पोरीच्या लग्नासाठी तिनं शिलाईतून आणि म्हैस विकून पैसे बाजूला ठेवले होते, हे आम्हा बहिणींना माहीत होतं.

मालक म्हणाले, तूच बोल. मी बोलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी म्हणाले.

आम्ही पिकअपमधूनच गेलो, नांदेडवरून. तिथं पोचल्यावर मी अक्काच्या न्हाणीत जाऊन भांडी घासायला बसले. जेवणाची घासली, मग फडताळातली काढून घासली. मालक बाहेर ओट्यावर बसून खोकत होते. अक्का बराच वेळ मशीन चालवत होती. मग तिनं पाय थांबवला.

"तुला काही मागायचं हाय का गं? माझी भांडी तू घासायला घेतलीस की मला धडकी भरती."

मी मान हलवली. किती ते मला तोंडानं सांगता येईना, तेव्हा मालकांना तिनंच आत बोलावलं. त्यांनी गाडीचं सगळं समजावून सांगितलं, पंप, पाटे, चढ. अक्काला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "देते मी. पण पोरीच्या लग्नाच्या आधी हे माझ्या हातात पायजे. तेव्हा नसलं तर मला दिराच्या दारात जावं लागंल. त्यांनी एकदा पैका लावला की लग्न त्यांचं झालं, पोरगी त्यांची झाली. मी माझ्याच पोरीच्या लग्नात पाहुणी होईन. एवढं ध्यानात ठेव."

मी हो म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, कारण ते मान हलवून सांगण्यासारखं नव्हतं.

परतीच्या वाटेवर नांदेडला डिझेल पंप-नोझल दुरुस्तीचं दुकान होतं. मालक म्हणाले, आता आलोच आहोत तर पंपाचं इथंच करून घेऊ, पुन्हा यायचं डिझेल वाचेल. मिस्त्रींनी पंप शेवटी सांगितला होता. मला ते आठवत होतं. मी मालकांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

दुकानात पंप काढून एका यंत्राला लावला. यंत्राच्या पुढं काचेच्या नळ्या होत्या, त्यात डिझेल थेंबाथेंबानं भरत होतं आणि कोणत्या नळीत किती चढतं त्यावरून तो कारागीर माप धरत होता. मी दाराशी उभी होते. कारागिरानं इस्क्रू फिरवला, नळ्या वर चढल्या. मालक म्हणाले, अजून थोडं. तो म्हणाला, मी फिरवतो, पण गाडी कसल्या रस्त्यानं आणि किती वजन घेऊन जाते ते तुमचं तुम्ही बघा. मालक म्हणाले, चढ आहे, म्हणून तर अजून थोडं.

त्या संध्याकाळी गाडी अशी पळाली की माझ्या डोक्यावरचा पदर राहीना. मागं काळा धूर सुटत होता. मालक गाडी चालवता चालवता गुणगुणत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते गुणगुणतात हे मला तेव्हा कळलं.

लातूरला मिस्त्रींनी धूर बघितला आणि हातातला पाना खाली ठेवला. मालकांनी सांगितल्याप्रमाणं त्यांनी क्लच घातला, पाटे बांधले. रेडिएटरचं मात्र मालकांनी पुढं ढकललं. टायर गुळगुळीत झाले होते, त्यात पैसे गेले. पहिलं बिल निघालं की रेडिएटर, असं ठरलं. मिस्त्री म्हणाले, पंप तरी मागं घेऊ द्या. मालक म्हणाले, महिना भरत आला मिस्त्री, मला टाकी वर न्यायची आहे.

आणि टाकी वर गेली. पहिल्या भरल्या खेपेला माळावरच्या गावातल्या पोरांनी गाडीमागं पळत जाऊन गलका केला. ती म्हातारी टाकीवर हात मारून म्हणाली, आता भरली. साहेबांनी पूर्ण खेप मांडली. आमच्या घरी त्या दिवशी खूप दिवसांनी तुपाची धार वरणावर पडली.

पण चढाच्या माथ्यावर गाडी उकळायला लागली होती. झाकणाखालून वाफ यायची. मालक गाडी थांबवून, ओलं फडकं टाकून, झाकण हळूहळू उघडून पाणी घालायचे. रोज सकाळी निघतानाही घालायचे. ते पाणी आमच्या घरचं असायचं.

आमच्या घरी तेव्हा दोन तऱ्हेचं पाणी होतं. एक गोडं. ते गावच्या आडातून वाटणीनं मिळायचं, घरटी मोजके हंडे. त्यातलं पहिलं तांब्याभर सासूबाईंच्या पूजेला, लिंगावर घालायला. मग प्यायला, मग वरण शिजवायला. दुसरं हापशाचं, मचूळ. त्यात डाळ शिजायची नाही, साबण फेसाळायचा नाही. ते अंघोळीला, गुरांना, भांड्यांना. आणि गाडीला. हे कुणी ठरवलं नव्हतं. दुष्काळात माणसाच्या तोंडचं पाणी यंत्राला घालावं असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नसतं. मालक स्वतः टाकीतलं पाणीही गाडीला घेत नसत. ते लोकांचं आहे, म्हणायचे. हापशाच्या पाण्याचा डबाच ते सोबत ठेवायचे. दिसायला तेही स्वच्छच होतं.

उन्हाळा जसा चढला तसं गाडीचं उकळणं वाढलं. आधी माथ्यावर थांबावं लागायचं, मग अर्ध्या चढावर. डबा पुरेना म्हणून मालकांनी दोन डबे केले. एकेका खेपेला दोन्ही डबे संपायचे. बिल मात्र निघत नव्हतं. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ते फिरत होतं. रेडिएटर तसाच राहिला.

मग एके दिवशी दुपारच्या खेपेला, ऐन चढावर, गाडीनं मोठा आवाज केला आणि बंद पडली. एका बाजूनं पांढरी वाफ, खालून तेल. मालकांनी चाकांखाली दगड लावले. वरच्या गावाला कळलं तशा बायका हंडे घेऊन चढ उतरून आल्या आणि भर रस्त्यात गाडीच्या टाकीतून पाणी भरून घेऊन गेल्या. मालक कडेच्या दगडावर बसून बघत राहिले. ते मला म्हणाले की कुणी त्यांना शिवी दिली नाही. उलट एकीनं त्यांच्या डब्यात प्यायला तांब्याभर पाणी ओतलं. त्याचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

गाडी दुसऱ्या गाडीला बांधून लातूरला नेली. इंजिनाचा वरचा भाग, हेड म्हणतात तो, तापून वाकला होता. गॅसकेट जळालं होतं. साहेबांनी निरोप पाठवला की आठवडा वाट बघू.

त्याच आठवड्यात अक्काचं पत्र आलं. इस्लापूरकडचं स्थळ जमलं होतं. लग्न त्याच उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी. पैशाबद्दल पत्रात एक शब्दही नव्हता. मावशीनं लवकर यावं, एवढंच. मी ते पत्र कपाटात ठेवलं आणि परत काढून वाचलं, की कुठं काही लिहिलंय का.

मालक दोन दिवस गॅरेजातच होते. तिसऱ्या दिवशी मी भाकरी बांधून एसटीनं लातूरला गेले. गॅरेजात माणसं होती म्हणून बाहेरच उभी राहिले. मालकांनी बघितलं आणि आत एका डब्यावर बसायला लावलं. मिस्त्री माझ्याकडं पाठ करून काम करत होते. त्यांनी रेडिएटर सोडवला होता आणि वरची पेटी कथलाचा डाग वितळवून उघडली होती. आतल्या बारीक नळ्या दिसत होत्या. पुष्कळशा बंद होत्या, पांढऱ्या, जसं कुणी चुना भरून लिंपल्या असाव्यात.

मिस्त्री म्हणाले, गाडी जुनी, कुणी तरी आधीच काहीतरी घातलं असेल. मालक म्हणाले, घेतली तेव्हा उघडून बघायला पाहिजे होती. दोघंही त्या पांढऱ्या थराकडं बघत होते.

तो थर मी रोज बघत होते. अंघोळीचं पाणी तापवायच्या आमच्या हंड्यात तोच बसायचा. दर अमावस्येला मी विटेच्या तुकड्यानं खरवडायची, आणि तरी तळाला राहायचाच. गोडं पाणी तापवायचं भांडं कधी पांढरं होत नव्हतं.

गॅरेजात चार माणसं होती. पण अक्काचं पत्र मनात होतं.

"हे हापशाच्या पाण्याचं आहे," मी म्हणाले. "आमच्या हंड्यात असंच बसतं."

मिस्त्री पहिल्यांदा माझ्याकडं वळले. मग मालकांकडं बघून त्यांनी विचारलं, "गाडीला कोणतं पाणी घालून राहिलात तुम्ही?"

मालक उघड्या पेटीतली पांढरी खपली नखानं काढायला लागले.

"मचूळ?"

"गोडं कुठून आणू मिस्त्री? लोक रांगेत उभे आहेत."

मिस्त्रींनी हात पुसले. मग म्हणाले, "मी बी इचारलं न्हाई. इथं लातुरात पाणी तुटकं हाय पण गोडं हाय. माझ्या डोस्क्यातच आलं न्हाई." ते रागावले नाहीत हे बघून मालकांना जास्त लाज वाटली असावी. त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

मग मिस्त्रींनी सांगितलं ते मालकांनी मुकाट्यानं ऐकलं. हेड घासून सपाट करायचं. भंगारातल्या एका मोठ्या गाडीचा रेडिएटर कापून, डाग देऊन बसवायचा. पंप मागं फिरवायचा, नांदेडला वाढवला त्याच्या जवळजवळ निम्मा. आणि मागच्या चाकांना जोर देणारी दात्यांची चक्रं असतात, ती बदलायची. त्यानं गाडी सपाटीवर हळू पळेल, पण चढावर तोच जोर जास्त ओढेल. मालकांना हळू पळणं पटत नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "पळायचं हाय कुणाला दाखवायला? पाणी वर गेलं म्हणजे झालं."

पैसे नव्हते. मिस्त्रींच्या गल्लीतही नळाला पाणी येत नव्हतं. तेव्हा मजुरीपोटी सुट्टीच्या दिवशी त्या गल्लीत टाकी आणायची, असं ठरलं. त्यासाठी औशाकडच्या एका शेतकऱ्यानं आपल्या विहिरीवर भरू दिलं. सामानाचे पैसे बिल निघाल्यावर. आठवडा संपायच्या आत गाडी उभी राहिली.

आता राहिला पाण्याचा प्रश्न. गाडीला गोडं पाणी लागणार, ते कुठून काढायचं? टाकीतून काढायला मालक तयार नव्हते. मी सासूबाईंना सांगायचं ठरवलं, पण सांगताना चुलीकडं तोंड करून सांगितलं. त्या खूप चिडल्या. माणसं माती खणून पाणी पितात आणि तू यंत्राला आडाचं पाणी घालतेस, असं म्हणाल्या. त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी माझ्या वाटणीतलं काढून ठेवलं. चहा हापशाच्या पाण्याचा केला. तो काळपट व्हायचा आणि त्याला मीठ टाकल्यासारखी चव यायची. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तो चहा तोंडाला लावला, तसाच खाली ठेवला आणि म्हणाल्या, "गाडीचा डबा भर. चहा नसला तरी चालतंय." पूजेच्या तांब्याला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही, आणि मीही लावला नाही.

वरच्या गावात ते पाणी गाडीत ओतताना लोकांनी बघितलं. एक बाई मालकांना म्हणाली, "आमची लेकरं तहानेनं वाळून राहिली आन् तू तुझ्या इंजिनाला आंघोळ घालून राहिलास व्हय?" मालकांनी सांगायचा प्रयत्न केला की हे घरचं आहे, टाकीतलं नाही. कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी डबा घरूनच झाकण बांधून न्यायला सुरुवात केली, आणि गावाच्या बाहेर, वर पोचायच्या आधी, गाडी आडोशाला उभी करून चोरासारखं पाणी घालायचे. आपल्याच घरचं पाणी. त्याचा त्यांना फार त्रास झाला. पण गाडी पुन्हा उकळली नाही. धूर कमी झाला. सावकाश, कण्हत कण्हत, पण भरल्या टाकीनं ती चढ चढायची आणि उतरायची. काम आमच्याकडंच राहिलं.

लग्नासाठी पैसे परत द्यायला मात्र उशीर झालाच. बिल अर्धं निघालं. त्यातून मिस्त्रींचं सामान दिलं आणि उरलेलं मी अक्काला नेऊन दिलं. ते तिनं दिलेल्याच्या निम्मंही नव्हतं. अक्कानं मोजलं आणि मशीनच्या खणात ठेवलं. मी भांडी घासायला उठले तर म्हणाली, बस, आज नको.

कमी पडले तेवढे पैसे मागायला ती दिराकडं गेली. ती कशी गेली, काय म्हणाली, हे तिनं कधी सांगितलं नाही. लग्नात पत्रिकेवर दिराचं नाव वर होतं. तारीख त्यानं बदलली, जेवणावळ त्याच्या अंगणात झाली, पोरीच्या सासरच्यांना मानाचे कपडे त्यानं दिले आणि ते देताना चार लोकांसमोर किंमत बोलला. अक्का दिवसभर स्वयंपाकघरात होती. वराकडच्या एका बाईनं विचारलं की पोरीची आई कोण, तेव्हा मी हात करून दाखवलं. अक्का चुलीपुढं बसून पुऱ्या तळत होती. पाठवणीच्या वेळी पोरगी रडत चुलत्याच्या पाया पडली. मग तिला कुणीतरी म्हणालं, आईच्या पड.

मी दोन दिवस राहणार होते, पण दुसऱ्याच दिवशी निघाले. मालक लग्नात बाहेर पुरुषांच्या पंगतीत होते, त्यांना आतलं दिसलं नव्हतं; एसटीत त्यांनी विचारलं, काय झालं. एरवी ते बोलायचे आणि मी ऐकायची. त्या दिवशी दोघंही गप्प होतो.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. पाण्याचं काम संपलं. टाकी काढून मालकांनी ती अंगणात उभी केली आणि गाडी पुन्हा पोत्यांना लागली. ज्वारी, करडई, तूर, जे मिळेल ते लातूरच्या अडतीवर. दुसऱ्या गाड्या घाईत दोन खेपा करायच्या तेव्हा आमची दीड व्हायची, पण ती कधी रस्त्यात उभी राहिली नाही. त्यामुळं ज्यांचा माल लांबून यायचा, ते मालकांनाच बोलवायचे. मालक कधी कधी पंपाकडं बघत आणि म्हणत, थोडा फिरवला तर? मी गोड्या पाण्याचा डबा भरून ठेवायची.

प्रत्येक सुगीनंतर थोडे पैसे बाजूला ठेवायचे, हे मी माझ्या हातात घेतलं होतं. मालकांनी कधी मागितले नाहीत. दोन सुग्या गेल्या. राहिलेले पुरे झाले तेव्हा मी एकटीच निघाले. एकटी मी तोपर्यंत लातूरच्या पुढं गेले नव्हते. नांदेडला गाडी बदलताना कंडक्टरला विचारायला मला तीन वेळा मनाचा धडा करावा लागला.

अक्का मशीनवर होती. मी पैसे तिच्या मांडीवर ठेवले. ती म्हणाली, "सगळे?"

"सगळे."

तिनं मोजले नाहीत. पदरात बांधले, उठली, मला म्हणाली, चल. आम्ही दोघी पुढच्या गल्लीत गेलो. दीर ओसरीवर बसला होता, त्याची बायको दारात धान्य निवडत बसली होती. अक्कानं पदराची गाठ सोडली आणि पैसे त्याच्या पुढं ठेवले. त्यानं बोटाला थुंकी लावून मोजायला सुरुवात केली. मध्येच म्हणाला, घाई नव्हती वैनी, घरातलेच आहोत. अक्का उभी राहिली. बसली नाही, पाणीही घेतलं नाही.

त्यानं मोजून झालं. नोटा गादीखाली सरकवल्या.

"पुरे हायत का?" अक्कानं विचारलं.

"हाव, पुरे हायत."

"मग काही राहिलं न्हाई म्हणा. तुमच्या तोंडानं म्हणा."

त्यानं बायकोकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली नाही.

"काही राहिलं न्हाई," तो म्हणाला.